कानात शिट्टी, रात्री झोप नाही : कर्णनादाच्या पहिल्या सहा महिन्यांसाठी मार्गदर्शक

दिवसभर रिक्षा, मिक्सर, ऑफिसातली बडबड यांत दबून राहिलेली कानातली बारीक शिट्टी रात्री दिवा मालवला की उघडी पडते. कोणाला रातकिडे किरकिरल्यासारखं वाटतं, कोणाला कुकरची वाफ सुटल्यासारखं, कोणाला जुन्या ट्यूबलाइटच्या चोकची गुणगुण. बाहेर काहीही वाजत नसताना आवाज ऐकू येणं म्हणजे टिनिटस, मराठीत कर्णनाद. त्यानं झोप उडते. झोप उडाली की दुसऱ्या दिवशी धास्ती वाढते, धास्तीनं तोच आवाज जास्त टोचतो, आणि रात्र पुन्हा तशीच जाते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. काही महिने टिकलेला कर्णनाद हमखास बंद करणारं औषध आज नाही. पण सवय होते. छतावरच्या पंख्याची घरघर आपल्याला चोवीस तास ऐकू येत असते, तरी आपण ती ऐकत नाही. मेंदूनं तिला बिनमहत्त्वाचं ठरवून बाजूला टाकलेलं असतं. कानातल्या आवाजाचंही बहुतेकांच्या बाबतीत हेच होतं, त्याला महिने लागतात, आणि आपण नकळत त्यात अडथळे घालत असतो. पुढच्या पायऱ्या ते अडथळे काढण्यासाठी आहेत.

१. आधी धोक्याच्या खुणा बघा

पुढीलपैकी काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा.

- एका कानाचं ऐकणं अचानक, तीन दिवसांच्या आत, कमी झालं किंवा गेलं. ही तातडीची बाब आहे. स्टेरॉइडचा उपचार जितका लवकर, तितका उपयोग जास्त. पहिले दोन आठवडे फार मोलाचे. "दडा बसलाय, सर्दी उतरली की सुटेल" म्हणून आठ दिवस वाट बघणं ही इथली सगळ्यात महागात पडणारी चूक.
- आवाज नाडीच्या तालावर धडधडतो. मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजा आणि आवाजाचा ठेका जुळतो का पाहा. जुळत असेल तर रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि गरजेनुसार रक्तवाहिन्यांचा स्कॅन लागतो.
- आवाज एकाच कानात आहे आणि त्या कानाला ऐकूही कमी येतं. इथं श्रवणनाडीवर गाठ नाही ना हे पाहायला डॉक्टर एमआरआय सांगू शकतात. बहुतेकांचा अहवाल साफ येतो, पण तपासणी टाळू नये.
- सोबत गरगरणारी चक्कर, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, कानातून पू किंवा रक्त येणं, डोक्याला मार लागणं.
- जगण्यात अर्थ नाही, हे संपवावं, असे विचार. त्यासाठी वाट पाहू नका. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जीवाला तात्काळ धोका वाटत असेल तर ११२.

२. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाताना

ओपीडीत डॉक्टरांकडे पाच-सात मिनिटं असतात. "डॉक्टर, फार त्रास होतो हो" यात ती संपून जातात. म्हणून घरूनच एका कागदावर लिहून न्या: आवाज कधी सुरू झाला, कोणत्या कानात, सतत की येऊन-जाऊन, शिट्टी की घरघर की धडधड, जबडा आवळल्यावर किंवा मान वळवल्यावर बदलतो का, त्या सुमारास मोठा आवाज, ताप, नवं औषध, दाताचं काम, मोठा मानसिक ताण असं काही होतं का.

सोबत ठेवायचं:

- चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी किंवा रिकामी पाकिटं. वेदनाशामक गोळ्या, काढे, चूर्णंही त्यात आली.
- मधुमेह, रक्तदाब, थायरॉइडचे ताजे रिपोर्ट.
- जुना ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, असेल तर तो.
- जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं, सिस्प्लॅटिनची केमोथेरपी किंवा क्षयरोगाचा उपचार कधी झाला असेल तर त्याची नोंद. ही औषधं आतल्या कानाला इजा करू शकतात.

ॲस्पिरिनही मोठ्या मात्रेत कानात आवाज आणतं, पण हृदयासाठी रोज चालू असलेली ७५ मिलिग्रॅमची गोळी ती मात्रा नव्हे. ती स्वतःच्या मनानं बंद करू नका.

डॉक्टर आधी कानात पाहतील. मळ असला तर तो त्यांच्याकडूनच काढून घ्या. पिन, काडी, कापसाची कांडी आणि रस्त्यावरचे कान साफ करणारे यांच्यापासून लांब राहा. गरम तेल घालण्याचा सल्ला घराघरांत मिळतो, पण पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट मधल्या कानात उतरतं.

त्यानंतर प्युअर टोन ऑडिओमेट्री. बंद खोलीत हेडफोन लावून २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे बारीक सूर ऐकवतात. २५ डेसिबलपर्यंतची रेघ साधारणपणे ठीक मानली जाते. टिपिकल चित्र असं असतं: रेघ २००० पर्यंत सपाट आणि ४००० किंवा ६००० ला खड्डा. हा खड्डा मोठ्या आवाजाच्या माऱ्याची खूण. मधल्या कानासाठी इम्पिडन्स चाचणी होते. रिपोर्टची मूळ प्रत मागून घ्या. वर्षभरानं तुलनेला तीच लागते.

"सगळं नॉर्मल आहे" असं उत्तर आलं तर खचू नका. नॉर्मल ऑडिओग्राम असलेल्या अनेकांना कर्णनाद असतो. त्या वाक्याचा अर्थ धोका सापडला नाही एवढाच. त्रास खोटा आहे असा मुळीच नाही. "याला इलाज नाही, सवय करून घ्या" असं म्हणून दाराकडे बोट दाखवलं जातं तेव्हा सवय करायची कशी हे मात्र कोणी सांगत नाही. त्यासाठी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, गाठावा. सरकारी ठिकाणांपैकी मुंबईत वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था ही दोन नावं लक्षात ठेवा. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही कान-नाक-घसा विभाग असतो. तिथं श्रवण तपासणी होते का, कोणत्या दिवशी होते, हे आधी विचारून जा.

३. आवाज येतो कुठून आणि छळतो का, हे नीट समजून घ्या

ही पायरी उपचाराचाच भाग आहे, म्हणून वगळू नका.

आतल्या कानातल्या शंखाकृती नळीत बारीक केसांच्या पेशी असतात. वयानं, गोंगाटानं, काही औषधांनी त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. तिकडून येणारा संदेश कमी पडला की मेंदू स्वतःचा व्हॉल्यूम वाढवतो. स्टेशन नीट लागत नसताना रेडिओ मोठा केला की खरखर वाढते, तशी ही खरखर. म्हणजे तिचा उगम बहुधा कानाच्या दुखण्यातून असला, तरी ती मेंदूत ऐकू येते.

आणि ती थोडीबहुत सगळ्यांतच असते. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन यांनी नीट ऐकू येणाऱ्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत काही मिनिटं बसवलं. त्यांपैकी ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचं सांगितलं.

मग त्यांना त्रास का नाही? कर्णनादाचे संशोधक पावेल यास्त्रेबॉफ यांनी १९९० मध्ये मांडलेलं स्पष्टीकरण आजही उपयोगी पडतं. मेंदूतलं भीतीचं केंद्र या आवाजावर "धोका" असा शिक्का मारतं. धोक्याचा आवाज मेंदू कधीच गाळत नाही, कारण जंगलात तीच सवय जीव वाचवते. शिक्का बसला की छाती धडधडते, झोप पळते, लक्ष पुन्हा पुन्हा तिकडे जातं आणि शिक्का अधिक गडद होतो. ऑडिओलॉजिस्ट कर्णनादाची तीव्रता बाहेरच्या सुराशी जुळवून मोजतात तेव्हा ती बहुतेकदा ऐकू येण्याच्या मर्यादेपेक्षा जेमतेम काही डेसिबल वर निघते. तेवढ्याच आवाजानं एक माणूस बेजार असतो आणि दुसरा त्याच आवाजासकट निवांत जगतो. काम करायचं आहे ते या शिक्क्यावर.

४. खोलीतली शांतता मोडा

कर्णनाद सुरू झाला की माणूस शांत जागा शोधू लागतो. हा सापळा आहे. अंधाऱ्या खोलीत मेणबत्ती डोळ्यांत खुपते, दिवा लावला की तीच मेणबत्ती फिकी पडते. म्हणून जागेपणी आणि झोपेतही आसपास हलका, एकसुरी, निरर्थक आवाज ठेवायचा.

आपल्याकडे पंखा हे काम फुकटात करतो. म्हणूनच नाशिक-पुण्याकडे नोव्हेंबरात थंडी पडून पंखे बंद झाले की अनेकांना आवाज "एकदम वाढला" असं वाटतं. वाढलेला काही नसतो, झाकण गेलेलं असतं. थंडीत टेबल फॅन भिंतीकडे तोंड करून एक नंबरवर लावा: वारा लागत नाही, आवाज मिळतो.

पंख्यानं भागत नसेल तर पाऊस, ओढा, समुद्राची गाज किंवा मशीनी खरखर मोबाइलवर लावता येते. व्हाइट नॉइज तीक्ष्ण, फवाऱ्यासारखा. पिंक नॉइज त्याहून मऊ, संततधार पावसासारखा. ब्राउन नॉइज खर्जातला, धबधब्याच्या लांबून येणाऱ्या घरघरीसारखा. शिट्टी उंच सुरातली असेल तर व्हाइट किंवा पिंक जास्त उपयोगी पडतो, पण शेवटी ज्याकडे तुमचं लक्ष जात नाही तो आवाज चांगला. गाणी, कीर्तन, बातम्या नकोत. शब्द आले की मेंदू ऐकत बसतो.

व्हॉल्यूम ठरवायची रीत अशी. स्पीकर पलंगापासून पाच-सहा फुटांवर ठेवा, उशाशी नको. पावसाचा आवाज हळूहळू वाढवत न्या. एका क्षणी कानातली शिट्टी पावसात बुडून दिसेनाशी होईल. तिथून मागे या. थोडं कमी, आणखी थोडं, आणि शिट्टी पावसातून बारीक डोकं वर काढू लागली की थांबा. दोन्ही वेगवेगळे ऐकू येतात, पण शिट्टीची धार बोथट झालेली असते. जागा हीच. आवाज पूर्ण बुडवला तर त्या रात्री बरं वाटतं खरं, पण जो आवाज ऐकूच येत नाही त्याची सवय मेंदू लावून कसा घेणार? अगदी वाईट रात्री तासभर पूर्ण झाकलात तर बिघडत नाही. रोजची रीत तशी होऊ देऊ नका.

इथं चुका ठरलेल्या असतात.

- टायमर लावणं. रात्री एकला पाऊस थांबतो आणि त्या अचानक शांततेनंच जाग येते. सकाळपर्यंत चालू ठेवा.
- दोन मिनिटांची क्लिप फिरवत ठेवणं. मेंदूला सांधा ओळखता येतो आणि तो त्याची वाट बघत बसतो. आठ-दहा तासांचं रेकॉर्डिंग किंवा आवाज तयार करणारं ॲप घ्या.
- मोफत व्हिडिओ लावणं. पहाटे तीनला जाहिरात किंचाळते. फाइल उतरवून घ्या आणि फोन विमान मोडवर टाका.
- वीज जाणं गृहीत न धरणं. चार्ज केलेला छोटा ब्लूटूथ स्पीकर जवळ असू द्या.
- इयरफोन घालून झोपणं. शेजारी जोडीदार झोपत असेल तर उशीखाली ठेवायचा चपटा स्पीकर मिळतो, तो बरा.

दिवसाही बंद केबिन, बाथरूम, देवघर, मुलं शाळेत गेल्यावरचं रिकामं घर या जागा लक्षात ठेवा. खिडकी उघडली तरी पुष्कळ होतं.

५. झोप : आधी वही, मग वेळापत्रक

झोप लागली की कर्णनादाचा निम्मा त्रास उतरतो, म्हणून सर्वाधिक मेहनत इथं करा. निद्रानाशासाठीची वर्तनोपचाराची पद्धत कर्णनाद असलेल्यांनाही लागू पडते.

पहिला आठवडा काहीही न बदलता रोज सकाळी वहीत चार आकडे लिहा: पलंगावर कधी गेलो, अंदाजे कधी झोप लागली, मध्ये एकूण किती वेळ जागा होतो, कधी उठलो. सात दिवसांची सरासरी काढा.

समजा रात्री १०.३० ते सकाळी ६.३० असे आठ तास पलंगावर जातात आणि झोप साडेपाच तासच होते. उरलेले अडीच तास तुम्ही मेंदूला शिकवताय की पलंग ही आवाज ऐकत तळमळायची जागा आहे. म्हणून पलंगावरचा वेळ झोपेच्या जवळ आणा: साडेपाच अधिक अर्धा, म्हणजे सहा तास. उठायची वेळ पक्की, ६ वाजता, रविवारीही. झोपायला जायची वेळ रात्री १२. त्याआधी कितीही डोळे मिटले तरी पलंग नाही.

आठवड्यानं हिशेब करा. ३६० मिनिटांपैकी ३१० मिनिटं झोप झाली तर ती ८६ टक्के. ८५ च्या वर असेल तर झोपायची वेळ १५ मिनिटं अलीकडे घ्या. ८० ते ८५ मध्ये असेल तर आहे तशी ठेवा. ८० च्या खाली असेल तर १५ मिनिटं पुढे ढकला, पण पलंगावरचा वेळ साडेपाच तासांच्या खाली कधीही नेऊ नका. पहिले आठ-दहा दिवस दिवसा डोळे जड होतात आणि कानातला आवाजही मोठा वाटू शकतो. बहुतेक जण इथंच सोडून देतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात झोप सलग होऊ लागते.

अपस्मार, बायपोलर आजार, गरोदरपण असेल, किंवा तुम्ही रात्री गाडी अथवा यंत्र चालवत असाल, तर वेळ आवळण्याचा हा भाग डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नका. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल तर आधी त्याची तपासणी.

चहा सोडायची गरज नाही. एकदम सोडला तर डोकं दुखतं, चिडचिड होते आणि कर्णनाद जास्त जाणवतो. शेवटचा कप दुपारी चारच्या आत घ्या, कारण कॅफिन निम्मं उतरायलाच सुमारे पाच तास लागतात. दारूनं झोप लवकर लागते, पण उत्तररात्री तुटते. वामकुक्षी हे काही आठवडे बंद. अगदीच गरज पडली तर तीनच्या आत, गजर लावून २० मिनिटं.

६. रात्री अडीचला जाग आली तर

हे आधीच ठरवून ठेवा, कारण त्या वेळी डोकं चालत नाही.

घड्याळ बघू नका; झोपायच्या आधीच ते उलटं करून ठेवलेलं असावं. साधारण वीस मिनिटं लोटली असं वाटलं आणि चडफड सुरू झाली की उठा. दुसऱ्या खोलीत जा. तिथं आदल्या संध्याकाळीच तयारी हवी: मंद पिवळा दिवा, चादर, हलका आवाज लावलेला स्पीकर आणि हाताला कंटाळवाणं काम. वाती वळणं, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या, जुना दिवाळी अंक, चालेल काहीही. मोबाइल मात्र नको. पहाटे अडीचला "कानातला आवाज कायमचा राहतो का" हे शोधण्यानं कोणाला झोप लागलेली नाही.

पेंग आली की पलंगावर परत. पुन्हा झोप उडाली तर पुन्हा उठा. एका रात्रीत चार वेळा उठावं लागलं तरी सकाळी सहाला उठायचंच.

पडल्या पडल्या करायचं असेल तर एक साधा व्यायाम: नाकानं चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, दहा मिनिटं. किंवा पायांच्या बोटांपासून एकेक स्नायू पाच सेकंद आवळून सोडत वर यायचं. झोप आणण्यासाठी म्हणून करू नका. अंग सैल पडलं की तेवढं पुरे.

भ्रामरी अनेकांना आवडते, कारण स्वतःच्याच गुंजारवात शिट्टी काही क्षण विरते. पाच-सहा आवर्तनं करा, पण कानात बोटं घालू नका. कान बंद केले की बाहेरचा आवाज तुटतो आणि आतला मोठा वाटतो. तीच गोष्ट डोळे मिटून, शांत खोलीत केलेल्या ध्यानाची. सुरुवातीच्या महिन्यांत ध्यान डोळे अर्धे उघडे ठेवून, पंख्याखाली करा.

७. तपासत राहणं थांबवा

सवय लागण्यातला सगळ्यात मोठा अडथळा हाच. सकाळी डोळे उघडताच "आहे का?" म्हणून कान देणं. बाथरूमचं दार लावून ऐकणं. बोटांनी कान बंद करून कालच्याशी तुलना करणं. मोबाइलवर सूर लावून "माझा किती हर्ट्झचा" ते शोधणं. प्रत्येक तपासणी मेंदूला कळवते की हा आवाज पहारा ठेवण्याच्या लायकीचा आहे.

एक दिवस फक्त मोजा: दर वेळी तपासलं की कागदावर एक रेघ. वीस-तीस रेघा निघाल्या तर दचकू नका. पुढच्या आठवड्यात दिवसातल्या तीन ठरावीक वेळा सोडून तपासायचं नाही, त्यापुढच्या आठवड्यात एकच वेळ. तपासावंसं वाटलं की हातांना काम द्या: भाजी निवडा, कुंड्यांना पाणी घाला, जिना उतरून या. लक्ष आवाजाकडे गेलंच तर ओढाताण करू नका. "हां, वाजतोय" एवढं मनात म्हणा आणि हातातल्या कामाकडे वळा. आवाज ऐकायचाच नाही असा हट्ट हीसुद्धा पहारेदारीच.

धास्तीच्या विचारांसाठी वहीच्या पानावर दोन रकाने करा. डावीकडे विचार जसा आला तसा: "हा असाच राहिला तर माझी नोकरी जाईल." उजवीकडे जे खरोखर घडलं ते: "काल ११ ते १ मीटिंग झाली, निदान अर्धा तास आवाज आठवलाही नाही. टिपणं नीट निघाली." उजवीकडे उगाच गोड काही लिहू नका, मनाला खोटं पटत नाही. ही बोधात्मक वर्तनोपचाराची, म्हणजे सीबीटीची, घरगुती आवृत्ती. कर्णनादाचा त्रास कमी करण्यात सीबीटीइतका चांगला पुरावा दुसऱ्या कुठल्या उपचाराला नाही. आवाजाची पातळी तिनं घटत नाही, छळ घटतो. जमत असेल तर सीबीटी शिकलेल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे काही सत्रं घ्याच.

८. ऐकू कमी येत असेल तर मशीन टाळू नका

"अजून काही एवढं वय झालं नाही" म्हणून श्रवणयंत्र दहा-दहा वर्षं लांबवलं जातं. ऐकणं कमी असलेल्या पुष्कळांना यंत्रानं दुहेरी फायदा होतो: बाहेरचे सूर परत येतात, त्यामुळे मेंदूला व्हॉल्यूम ताणावा लागत नाही, आणि बोलणं समजून घेण्याची ओढाताण संपते. विकत घेण्यापूर्वी चाचणीसाठी काही दिवस घरी द्या म्हणून आग्रह धरा. यंत्र तुमच्या ऑडिओग्रामनुसार लावून घेतलेलं हवं. दुकानात तयार मिळणारं, सगळे आवाज सरसकट मोठे करणारं स्वस्त यंत्र घेऊ नका.

९. कान जपा, पण कापसात गुंडाळू नका

८५ डेसिबलला रोज आठ तास ही कामाच्या ठिकाणची सर्वसाधारण मर्यादा, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, १०० ला पंधरा मिनिटं. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीसमोर किंवा ढोल-ताशा पथकाच्या मधोमध ही पंधरा मिनिटं कधी संपतात ते कळतही नाही. पथकात वाजवणाऱ्यांनी सरावालाही इयरप्लग घालावेत. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गच्चीवर जाताना खिशात असू द्या.

फोमचा प्लग बोटांत वळून काडीसारखा बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवा. नुसता टोकाशी अडकवलेला प्लग जवळजवळ निरुपयोगी.

मात्र स्वयंपाकघरात, बसमध्ये, ऑफिसात प्लग घालून वावरू नका. सतत झाकलेल्या कानांना साधे आवाजही बोचू लागतात. ताटांचा खणखणाट, मुलांचा आरडाओरडा आधीच असह्य वाटत असेल तर ती वेगळी तक्रार आहे, हायपरअक्युसिस. ऑडिओलॉजिस्टला ती आवर्जून सांगा.

१०. पैसे आणि आशा कुठे घालवू नयेत

अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत जिंको बिलोबा, झिंक, मेलाटोनिन कर्णनादासाठी सुचवू नये असं स्पष्ट म्हटलं. बीटाहिस्टिन हे औषध आपल्याकडे सर्रास लिहून दिलं जातं. मेनियर या आतल्या कानाच्या आजारातल्या चकरेसाठी ते वापरतात, नुसत्या कर्णनादावर त्याचा उपयोग दिसलेला नाही, आणि ब्रिटनच्या २०२० च्या सूचना तर त्यासाठी ते देऊच नका म्हणतात. "पंधरा दिवसांत आवाज गायब" म्हणणारे थेंब, तेलं, चुंबकं यांवर रुपयाही घालू नका.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या धास्ती आणि झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांबद्दल जास्त सावध राहा. पहिल्या आठवड्यात त्या जादूसारख्या वाटतात, मग सवय लागते, मात्रा वाढते आणि एकदम बंद केल्या तर आवाज आणि धास्ती दोन्ही उसळतात. कधीकधी झटकेही येतात. आधीच चालू असतील तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवा. नैराश्य किंवा चिंतेचा आजार असेल तर त्याचे उपचार जरूर घ्या. ते त्या आजारासाठी असतात आणि त्यांनी कर्णनाद सोसणंही सोपं होतं.

११. प्रगती कशी मोजायची

आवाजाची मोठाई मोजू नका. ती रोज वरखाली होते. टीएचआय नावाची २५ प्रश्नांची प्रश्नावली ऑडिओलॉजिस्टकडे मिळते: हो ला ४, कधीकधी ला २, नाही ला ० गुण, एकूण १००. ती महिन्यातून एकदाच भरा. ५८ वरून ४० वर आलात तर आवाज तेवढाच असूनही तुम्ही बरेच पुढे आलेले असता.

सवय सरळ रेषेत लागत नाही. आधी "दहा मिनिटं विसरलो होतो" असं नंतर लक्षात येतं, मग अर्धा दिवस, मग सर्दी, जागरण किंवा घरातल्या भांडणानंतर चार दिवस आवाज पहिल्यासारखाच डोक्यात. अशा उसळीत नवा उपाय शोधू नका, नवा डॉक्टर गाठू नका; पंखा, वही, उठायची वेळ, सगळं तसंच चालू ठेवा. उसळी दोन आठवड्यांत ओसरली नाही किंवा ऐकणं कमी झालं, तर मात्र पुन्हा तपासणी. सहा महिने ते दीड वर्ष हा धरून चालायचा काळ.

१२. घरच्यांसाठी

हा भाग घरातल्या माणसाला वाचायला द्या. "आज आवाज कसा आहे?" असं रोज विचारू नका, त्या प्रश्नानं तो पुन्हा कान देतो. "मला तर काही ऐकू येत नाही" हे वाक्यही नको. त्यापेक्षा रात्री पंखा किंवा पावसाचा आवाज चालू राहू द्या, तुम्हाला खटकला तरी. संध्याकाळी सोबत फिरायला न्या. बोलताना समोर येऊन बोला, दुसऱ्या खोलीतून हाका मारू नका. पहाटे तो उठून बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसलेला दिसला, तर दिवा मोठा करू नका आणि काय झालं म्हणून विचारू नका. त्याचं काम चालू आहे.